वरून टाकलेला काला

"मम्मी, तू विषारी हायस ना?"

माझ्या चार वर्षांच्या पोरीनं, क्रांतीनं, व्हिडिओ कॉलवर मला हे विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ती होती नेसरीला, माझ्या नणंदेच्या, संयोगितावन्संच्या घरी, आणि मी इकडे कळंब्याला, आमच्या घरी. तिकडं फोन मुद्दामच असा धरलेला असायचा की मला पोरीचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसावं.

"कुणी सांगितलं गं तुला?"

"आज्जीनं. तुझ्या अंगात विष घातलंय. तुला हात लावला की मला पण हुणार."

मागून नणंदेचा आवाज आला, "बास झालं आता, चल शेंगा खायला," आणि फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच उचलून ताटात टाकली आणि नवऱ्यापुढं ठेवली.

"अहो, क्रांतीला घरी आणायचं. या आठवड्यात."

अमरसिंहांनी भाकरीचा करपलेला पापुद्रा काढून बाजूला ठेवला. शिरोलीला फौंड्रीत काम करणारा माणूस, भट्टीपुढं उभा राहतो, पण आईचं नाव काढलं की थंड पडतो. "राहू दे की तिकडं. तुला पण जरा विश्रांती."

"पोर मला विषारी म्हणतेय."

"लहान हाय. तिला काय कळतंय?"

"कळत न्हाय म्हणूनच तिच्या डोक्यात घातलंय."

"आईला वाईट वाटंल, अनुजा."

"मागच्या रविवारी तुम्ही पोरीला आणायला गेलात आणि शेंगांचं पोतं घेऊन आलात. तेव्हा मला काय वाटलं, विचारलंत का?"

त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. पोतं अजून दारामागं होतं.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर माझ्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ सापडली. कॅन्सरच होता, पण अगदी पहिल्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि पुन्हा उठू नये म्हणून केमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बऱ्या होणारच आहात, थोडे दिवस अवघड जातील एवढंच." मी त्याच खुर्चीत बसून मनातल्या मनात पांडुरंगाला हात जोडले. देवाशी माझं कधीच भांडण नव्हतं. सलाईन चालू असताना मी कानात कीर्तन लावून पडायचे. पखवाजाची थाप आणि थेंबाची लय जुळली की वेळ कसा गेला कळायचं नाही. माझं भांडण होतं ते माणसांशी. खरं सांगायचं तर एकाच माणसाशी, माझ्या सासूशी.

पहिला डोस झाल्यावर घरी सोडताना सिस्टरनं आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. औषध दोन दिवस अंगातून बाहेर पडतं, तेवढे दोन दिवस यांचं बाथरूम वेगळं ठेवा, कपडे वेगळे धुवा. आणि पुढं काही दिवस यांची ताकद कमी असणार, घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याला यांच्यापासून लांब ठेवा. आत्तींनी मान डोलावली. पण वेगळं ठेवायचं, लांब ठेवायचं, हे त्यांनी जन्मभर एकाच गोष्टीसाठी केलेलं. बाळंतिणीला, मयताच्या घराला, महिन्याच्या बाईला. त्यांच्या हिशेबात सगळं लगेच जागच्या जागी बसलं. सुनेला इटाळ आलाय.

घरी आल्या आल्या माझं ताट-वाटी वेगळी झाली. मी उठले की माझ्या जागेवर गोमूत्र. दोन दिवस गेले, मी म्हटलं, "आत्ती, झाले की दोन दिवस. आता स्वयंपाकघरात येऊ दे मला."

"इटाळ फिटायला शेवटचं न्हाण लागतंय," आत्ती म्हणाल्या. "तुझे अजून डोस बाकी हाईत. एक फिटायच्या आत दुसरा लागतोय. सगळं संपू दे, मग न्हाण घालू."

"अहो, हे सुतक न्हाय. औषध हाय."

"मग येगळं ठेवा म्हणून ती नर्स का सांगत हुती? शिकल्याली बाई हाय, उगंच सांगंल व्हय?"

मी बोलले बरंच. त्याही बोलल्या. दुसऱ्या डोसाच्या आधी माझे केस गळायला लागले आणि त्याच आठवड्यात क्रांतीला खोकला झाला. आत्तींनी पोरीची पिशवी भरली, "चार दिवस जाऊन येते संयोगिताकडं," म्हणाल्या, आणि गेल्या त्या गेल्याच. तिसरा डोस झाला तरी परत यायचं नाव नाही. केस नसलेली मी क्रांतीनं अजून पाहिलेलीच नव्हती; कॉलवर मी डोक्यावरून पदर घेऊन बसायचे.

नेसरीला सप्ताह चालू होता. त्या वर्षी काल्याच्या दह्याचा मान संयोगितावन्संच्या घरी होता, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. मी ठरवलं, काल्याच्या दिवशीच जायचं. घरी गेलं तर दार लावून घेतील, पोर माडीवर नेऊन बसवतील. मांडवात दार नसतं.

डॉक्टरांना विचारलं. पुढच्या डोसाला चार दिवस होते, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता. "गर्दीत शिरू नका, मोकळ्यावर थांबा, मास्क लावा," ते म्हणाले. "आणि कच्चं, हातानं कालवलेलं काही खायचं नाही."

"म्हणजे काला नाही?"

"काला तर अजिबातच नाही."

घरी येताना रिक्षात मला रडू आलं. केस गेले तेव्हा आलं नव्हतं एवढं आलं. लहानपणापासून काल्याचा घास कधी चुकवला नव्हता.

*

कागल सोडल्यावर रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी अडलेला. दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्णा, पाठीमागं लाल कापड. अमरसिंह प्रत्येकाच्या मागं अर्धा तास हातात असल्यासारखे रेंगाळत होते.

"घ्या की पुढं," मी म्हटलं.

"समोरनं गाडी येतेय."

"कुठं हाय गाडी?"

"येईल की." मग जरा वेळानं, "तिथं तमाशा करू नकोस, अनुजा. आक्काचा सासरा गावात मोठा माणूस हाय."

"कीर्तनात कोण तमाशा करतंय? मी कीर्तन ऐकणार आणि पोर घेणार."

"आणि आई न्हाय म्हणाली तर?"

"तर तुम्ही हो म्हणा. एकदा म्हणून बघा, जीभ झडत न्हाय."

संकेश्वरवरून गडहिंग्लज आणि पुढं नेसरी. देवळाच्या पटांगणात मांडव भरला होता. गाडी लांब एका चिंचेखाली लावून अमरसिंह तिथंच थांबले. "मी हाय इथं, गाडीपाशी," म्हणाले, जणू गाडी कुणी पळवणार होतं.

मी मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागं, उन्हातच उभी राहिले. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, भुवया नाहीत. दोघी-तिघींनी वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं बघायला लागल्या. महाराज साठीच्या घरातले, सडपातळ, आवाजाला धार. मागं टाळकऱ्यांची रांग, आणि पखवाजवाला तर असा की त्याच्या बोटांकडं बघत राहावं. गाडीत जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते पहिल्याच चालीला विसरले. डोळे मिटले. पोट, तोंडातले फोड, सुया टोचून काळी पडलेली शीर, सगळं कुठं तरी लांब राहिलं.

डोळे उघडले तर समोर संयोगितावन्सं.

"कशाला आलीस?" दातओठ खाऊन कुजबुजल्या.

"कीर्तन ऐकायला. गावाचं हाय, तुमच्या घरचं न्हाय."

"माणसं जमल्यात पाच गावची. असलं तोंड घेऊन मांडवात उभी राहायला लाज..."

तेवढ्यात महाराजांनी हात वर केले आणि मांडव एका आवाजात उठला, विठ्ठल विठ्ठल. वन्सं पण टाळ्या वाजवायला लागल्या, मी पण. दोघींचा ठेका एकदम बरोबर. गजर थांबला.

"...वाटत न्हाय तुला?" वन्संनी राहिलेलं पुरं केलं.

"मी पोर न्यायला आलेय."

"पोर मिळणार न्हाय."

"तुमची हाय का ती?"

"आईनं संभाळलीय. तुझं काय, आज हायस उद्या..."

विठ्ठल विठ्ठल. पुन्हा टाळ्या. मी इतक्या जोरात वाजवल्या की हाताची शीर ठणकली. गजर संपता संपता म्हटलं, "उद्या पण हाय. परवा पण हाय. पोरीचं लग्न करून मग तुमच्या डोक्यावर अक्षता टाकून जाणार हाय."

आता आत्तीही उठून आल्या होत्या. कमरेवर क्रांती, नवा पिवळा फ्रॉक, नाकाखाली शेंबडाची ओली रेघ. मी मास्कच्या आडून हसले. तिनं माझ्याकडं पाहिलं, आजीच्या खांद्यात तोंड लपवलं आणि विचारलं, "ह्या बाई कोण हाईत?"

मला वाटलं होतं, पोर धावत येईल. केस नसले तरी आवाजावरून तरी ओळखेल. मी म्हटलं, "क्रांते, मी गं." आवाज ओळखला तिनं. ओळखला म्हणूनच रडायला लागली.

"बघितलंस?" आत्ती म्हणाल्या. "भ्याली पोर. जा आता."

"भ्याली कारण तुम्ही भ्या घातलंत. लेकराला आईचं भ्या घालणारी आजी मी पहिल्यांदाच बघितली."

"आईनं आईसारखं राहावं. इटाळाच्या अंगानं पोरीला शिवायला आलीस, ते पण देवाच्या दारात!"

"ओ बायांनो!" पुढं बसलेली एक म्हातारी मागं वळली. लुगड्याचा पदर डोक्यावर, तोंडात दात नाहीत. "भांडायचं असंल तर चिंचंखाली जावा. ऐकू द्या की माणसाला."

"व्हय व्हय, आज्जी," आम्ही तिघी एकदम म्हणालो आणि खाली बसलो. आत्ती आणि वन्सं पुढं, मी चार हात मागं, कडेला. क्रांती आजीच्या खांद्यावरून माझ्याकडं चोरून बघत होती. मी बघितलं की तोंड फिरवायची.

महाराज काल्याच्या कथेवर आले होते. यमुनेच्या काठी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, देवानं कालवल्या, आणि एकमेकांच्या तोंडात घास दिले. उष्टं कुणाचं, हात कुणाचा, कुणी विचारलं नाही. वर देवांना हेवा वाटला. ते मासे होऊन यमुनेत येऊन थांबले. म्हणाले, ही पोरं जेवून हात धुतील, तेव्हा पाण्यात एखादं शित पडेल, ते आपल्याला मिळेल. "आणि देवानं काय केलं?" महाराज बायकांच्या बाजूला वळले. "देव म्हणाला, गड्यांनो, आज हात धुवायचे न्हाईत! घोंगडीला पुसा! चूळ भरायची न्हाई! मासे बिचारे तोंड उघडून तसेच राहिले!" मांडव हसला. आत्ती हसल्या. मी पण हसले. प्रत्येक काल्याला ऐकलेली गोष्ट, आणि प्रत्येक वेळी त्या माशांचं मला वाईट वाटतं.

दहीहंडी फुटली. लाह्या, पोहे, दही, लोणच्याचा खार, काकडीचे तुकडे, सगळं मोठ्या घंगाळात कालवलं गेलं. मान वन्संच्या घरचा आणि वन्संना सासू नाही, म्हणून वडीलधारी बाई या नात्यानं परात आत्तींच्या हातात आली. पोर वन्संच्या कडेवर गेली. माणसं उठली, एकमेकांच्या तोंडात घास भरवायला लागली. कालची भांडणं असलेले भाऊ, सासवा-सुना, कुणी कुणाला. आमच्याकडं काल्याला कुणी कुणाला नको म्हणत नाही. तोंडासमोर घास आला की तोंड उघडायचं.

आत्ती रांगेनं येत होत्या. प्रत्येकीच्या हातावर घास ठेवायच्या, म्हाताऱ्यांच्या तोंडात घालायच्या. माझ्यापाशी आल्या. मी ओंजळ पुढं केली. मनात होतं, घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि अमरसिंहांना नेऊन द्यायचा.

आत्तींनी परात छातीशी धरली, दुसरा हात उंच केला आणि घास वरून सोडला. बोट बोटाला लागू नये म्हणून हातभर वरून. अर्धा माझ्या ओंजळीत पडला, अर्धा मातीत.

मातीत पडलेल्या लाह्या दिसल्या आणि माझ्या डोक्यात काही तरी तुटलं.

"अगं चिमणाबाई," तीच बिनदाताची म्हातारी आत्तींना म्हणाली, "काला वरनं टाकत्यात व्हय कधी?"

"तिला आजार हाय, मावशे. डाक्टरनंच सांगितलंय शिवायचं न्हाय."

"डॉक्टरनं काय सांगितलंय ते मी सांगते!" मी उठून उभी राहिले. आवाज मांडवभर गेला, जाऊ दे म्हटलं. "मला कॅन्सर झालता. काढून टाकलाय. औषध चालू हाय. हा आजार शिवून कुणाला हुत न्हाय. डॉक्टरनं मला जपायला सांगितलंय, तुमच्या सर्दी-खोकल्यापासनं. तुम्हाला माझ्यापासनं न्हाय! आणि हिनं त्याचा इटाळ केला. माझं ताट येगळं, माझी जागा येगळी, आणि माझी पोर नेऊन नेसरीत ठेवली!"

"हळू बोल," वन्सं म्हणाल्या. "माणसं बघत्यात."

"बघू देत. बघावं म्हणूनच बोलतेय मी." आणि मी ओंजळीतला राहिलेला घास बोटांत घेतला आणि आत्तींच्या तोंडापुढं धरला. "घ्या, आत्ती. काला हाय."

आत्ती एक पाऊल मागं सरकल्या. "आधी तू खा."

"मला दहा हातांचं चालत न्हाय. तुम्हाला चालतंय. घ्या."

"अनुजा, हात खाली घे."

"तुम्ही न्हाय म्हणा, मी हात खाली घेते. पण काल्याला न्हाय म्हटलं, हे ह्या सगळ्यांनी बघू दे. देवानं बघू दे."

देवाच्या घासाचा मी दगड केला होता, हे मला कळत होतं. पण त्या घडीला मला दगडच हवा होता.

आत्तींच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याच्या खालची भीती दिसली. खरी भीती. ही बाई नाटक करत नव्हती. माझ्या बोटांत विष आहे असं तिला खरोखर वाटत होतं, आणि समोर काला होता. ओठ हलले, "पांडुरंगा." डोळे घट्ट मिटले. तोंड उघडलं. मी घास आत ठेवला, त्यांचे दात माझ्या बोटांना लागले. चावला, गिळला, डोळे उघडले.

"मेले तर तुझ्या माथ्यावर," त्या म्हणाल्या.

"माझ्या शिरेत बाटलीभर सोडत्यात. मी मेले का?"

"तू कसली मरतीस. तू मारतीस."

एवढं बोलून त्यांनी परात खाली ठेवली, पोरीकडं हात केला, "ये गं माझी बाय." क्रांती झेपावलीच होती. पण वन्संनी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि एक पाऊल मागं सरकल्या. जसं आत्ता आत्ती सरकल्या होत्या तसंच.

"आई, थांब. आधी घरी जाऊन आंघोळ कर. निदान चूळ तरी भर. मग घे पोरीला."

आत्तींना पहिल्यांदा कळलंच नाही. "काय म्हणालीस?"

"चूळ भर म्हटलं. तिच्या हातचं खाल्लंस की तू."

"काला खाऊन चूळ भरू?"

"मग काय झालं? माझ्या पण घरात पोरं हाईत, आई. तूच सांगितलंस की, तिला शिवलं की झालं म्हणून. मी माझ्या मनाचं काय सांगते व्हय?"

आत्ती परातीकडं वाकल्या. बहुतेक काही तरी करायला हवं म्हणून. समोरच्या पोरसवदा बाईसमोर त्यांनी घास धरला. त्या बाईच्या मांडीवर तान्हं होतं. तिनं आत्तींच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ओंजळ पदराखाली घेतली. "नको, मिळालाय मगाशी," म्हणाली.

आत्ती तशाच वाकून राहिल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कळू दे म्हटलं कसं वाटतं. मग बिनदाताच्या म्हातारीनं आ केला, मोठ्यानं म्हणाली, "माझ्या तोंडात घाल गं, मला कसला इटाळ, मी उद्या जाणार," आणि आत्तींच्या बोटांसकट घास चोखून घेतला.

आत्ती सरळ झाल्या. दह्यानं भरलेला हात, काल्याचा म्हणून न धुता, त्यांनी आपल्या केसांना पुसला, नीट, बोटं न् बोटं. वन्संपाशी गेल्या.

"आण ती पोर."

"आई, तमाशा नको."

"सख्ख्या आईला लांब हो म्हणतीस? देवाचा घास खाल्लेल्या तोंडाला चूळ भर म्हणतीस? तासभर पुढं बसून काय ऐकलंस गं, भवाने?" आणि पोर ओढून घेतली. मग माझ्याकडं वळल्या. "गाडी कुठं हाय?"

"चिंचेखाली."

"हसू नकोस."

"मास्क हाय की माझ्या तोंडाला. कुठं हसतेय?"

"डोळे हसत्यात. तुझ्यासाठी येत न्हाय मी. पोर एकटी तुझ्या हातात द्यायची न्हाय म्हणून येतेय."

"या की. जागा हाय गाडीत."

अमरसिंहांनी आम्हाला येताना बघितलं आणि घाईघाईनं गाडीचं दार उघडलं. आईकडं, माझ्याकडं, पोरीकडं बघून म्हणाले, "जेवण करून निघायचं का? आमटी-भात हाय म्हणं."

"बस गाडीत," आत्ती आणि मी एकदम म्हणालो.

*

रस्ताभर क्रांती रडत होती. "मला ही मम्मी नको. केसवाली पाहिजे." मी मागं वळून हात पुढं केला तर सीटवरून लाथ झाडली, ती माझ्या खांद्याला लागली. आत्तींनी तिला आवरलं नाही. गडहिंग्लज मागं पडलं तेव्हा पोर शिंकायला लागली. एक, दोन, मग सारखीच. अंग पण कोमट लागत होतं, आत्ती म्हणाल्या. सप्ताहात सगळ्या गावाची पोरं एकत्र खेळलेली.

मी गाडीतूनच सिस्टरला फोन लावला. उत्तर मला माहीत होतं. सर्दी जाईपर्यंत जवळ घेऊ नका. तुम्हाला ताप आला तर डोस पुढं ढकलावा लागेल.

जिच्यासाठी भर मांडवात उभी राहिले, तिला घरी आणली आणि मांडीवर घेता येईना. मधल्या खोलीत आत्ती आणि क्रांती, बाहेरच्या सोप्यात मी. मधलं दार मीच ओढून घेतलं.

"म्हणजे आता तूच म्हणतीस लांब ठेवा," दारापलीकडून आत्ती म्हणाल्या. "मग मी येगळं काय सांगत हुते?"

"तुम्ही मला घाण म्हणत होता. मी तिला शेंबडी म्हणतेय."

"एकच हाय."

"एक न्हाय. आणि तिचं नाक पुसलं की हात साबणानं धुवा, मग माझ्या भाकरीला हात लावा."

"भाकरी मी करायची व्हय तुझी?"

"मग कोण करणार? तुम्ही आलाय न्हवं पोरीसाठी? ती माझ्या हातचं खात न्हाय."

भांडी आपटल्याचा आवाज आला. पण ताट आलं. माझं नेहमीचं, सगळ्यांच्यातलं. आत्तींनी ते उंबऱ्यावर सरकवलं आणि म्हणाल्या, "येगळं शोधायला येळ न्हवता." मी ताट घेतलं. आभार मानले नाहीत. त्यांनीही मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उन्हाला बसले होते. रुमालानं डोकं खाजत होतं म्हणून काढून ठेवला. मधल्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. गजाच्या मागं क्रांती उभी होती, केव्हापासून कोण जाणे. रडत नव्हती. नुसती बघत होती.

"तुझं टक्कल घाण दिसतंय," ती म्हणाली.

"तुझं नाक घाण दिसतंय."

तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. मग जीभ बाहेर काढली. मी मास्क खाली न करता डोळे तिरळे केले.

"आज्जी! ही मम्मी मला चिडवतेय!"

"दोघी पण गप बसा," आतून आत्ती ओरडल्या, "न्हायतर एकेक ठेवून दीन!"

मी गप्प बसले नाही. "शेंबडी," म्हटलं. पोरीनं इकडं तिकडं बघितलं, आपली चप्पल उचलली आणि गजातून माझ्यावर फेकली. नेम चुकला, चप्पल तुळशीच्या कट्ट्यापाशी पडली.

"नीट मार की," मी म्हटलं, आणि चप्पल उचलून खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या हाताशी ठेवली.